साडेपाच फूट

वडाळा रोडच्या पुलावर टेकून उभे राहा. पनवेल लोकल निघून गेली की डोळे मिटा आणि साल मागं न्यायला लागा. मोनोरेल गेली, फ्रीवे गेला, ट्रक टर्मिनस गेलं. उरली पोर्ट ट्रस्टची रेल्वे, बॅलार्ड पिअरवरून येऊन वडाळ्याला टेकणारी, आणि तिच्या रुळांवर मालगाडीच्या वाघिणी. 1943चा डिसेंबर. युद्ध चालू आहे. परळ-लालबागचे बॉयलर, बंदरातली जहाजं, रेल्वेची इंजिनं, सगळ्यांना कोळसा हवा आहे आणि खाणीत माणूस टिकत नाही. मजूर लष्करी बांधकामांवर निघून गेलेत. तिथं ऊन असलं तरी डोक्यावर छत कोसळायची भीती नाही, आणि पैसेही बरे.

रिकाम्या वाघिणीत चढा. थेट झरियाला उतरा, बिहारात, धनबादजवळ. वाटेतलं काही बघण्यासारखं नाही असं नव्हे, पण आपल्याला आज खाली जायचंय.

खाणीत उतरवणारा पिंजरा सुटतो तेव्हा पोट वर राहतं आणि पाय आधी जातात. कानात दडे बसतात. खाली उतरलात की पहिली गोष्ट जाणवते ती अंधार नव्हे, उकाडा. डिसेंबरची थंडी वरच राहिली. पुढं चालणारा सरदार, म्हणजे खाणीतला मुकादम, हातातल्या काठीनं छत ठोकतो. टणक आवाज आला की पुढचं पाऊल. मध्येच आवाज बद्द येतो, तो थांबतो, तुम्हाला हातानंच मागं सारतो. मग सेफ्टी दिव्याची वात अगदी बारीक करून दिवा छताशी धरतो. ज्योतीवर निळसर टोपी दिसली तर वायू आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघत राहता. ज्योत पिवळीच आहे. तो काही बोलत नाही, चालायला लागतो. एवढाच काय तो ‘सुरक्षित’ असल्याचा दाखला.

ही निळी टोपी सगळ्यांना ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी, 18 डिसेंबर 1936ला, शेजारच्या राणीगंज पट्ट्यात पोईडीह खाणीत स्फोट झाला आणि 209 माणसं गेली. मग सरकारला जाग आली. 1939 साली कायदा झाला, कोळसा काढून पोकळ झालेल्या जागी वाळू भरण्यासाठी. बचावपथकांचे नियम आले, आणि 1941च्या सुमारास या पट्ट्यांत बचाव केंद्रं उभी राहिली. धूर-वायूत शिरायला श्वसनयंत्रं आणि ती लावून चालायचा सराव केलेली माणसं आता हाकेच्या अंतरावर आहेत. 209 माणसांच्या वेळी नव्हती.

बाजूला व्हा, वरचे लोक येताहेत.

आज 9 तारीख. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य जमिनीखाली चारशे फूट उतरलेत. तुम्ही त्यांना ओळखता. वडाळ्याहून चालत जावं इतक्या जवळ, दादरच्या हिंदू कॉलनीत, त्यांचं ‘राजगृह’ आहे. त्यांच्या खात्यात मजूर कल्याणाचे सल्लागार आहेत र. शि. निंबकर, 1928च्या गिरणी संपातले पुढारी, आता सरकारी पदावर. लालबागच्या माणसाला यातली गंमत सांगायला नको.

बाबासाहेब काय बघतात ते बघा. कोळसा वाहणाऱ्या टबाशी टोपल्या रिकाम्या करणाऱ्या बाया. इकडे त्यांना कामिन म्हणतात. खरं तर त्या इथं असायला नकोत. 1929च्या नियमांनी बायकांना खाणीच्या पोटातून टप्प्याटप्प्यानं काढायला घेतलं होतं आणि 1937मध्ये ते पूर्ण झालं. युद्धानं तो नियम गिळला. 1943च्या ऑगस्टात बंदी उठली, आधी आपल्या मध्य प्रांतात, मग इकडे. उठवली ती याच माणसाच्या खात्यानं. पुढं फेब्रुवारी 1944मध्ये विधिमंडळात त्यांना त्याचं समर्थन करावं लागेल, आणि ते करतील. आपण पुष्कळदा हे पान उलटून पुढं जातो, जाऊ नये. सोबत अटी आहेत: पुरुषाइतकीच मजुरी, आणि छत साडेपाच फुटांपेक्षा खाली असेल तिथं बाईला काम नाही.

साडेपाच फूट म्हणजे किती, ते इथं उभं राहून कळतं. त्या बाईच्या डोक्यावर भरलेली टोपली आहे. टोपलीचा काठ लाकडी टेकूला घासतो, ती मान तिरपी करते, पायाखालचा रूळ चुकवते. अधिसूचना दिल्लीत निघाली. इथं छताची उंची मोजायला फूटपट्टी घेऊन कोण फिरणार? सरदाराच्या हातात काठी एकच, आणि ती छत ठोकण्यात गुंतलेली.

तुम्हाला सांगावंसं वाटतं. या झरिया पट्ट्यातच चासनाला आहे, तिथं 27 डिसेंबर 1975ला जुन्या खोदकामात साठलेलं पाणी घुसेल आणि 375 जण बुडतील, म्हणून मध्ये कोळशाची जाड भिंत सोडा. पण तुमचं तोंड हलतं, आवाज निघत नाही. पुढच्या काळातून आलेल्या माणसाचा तेवढाच अधिकार.

चला, वर. 31 जानेवारी 1944ला एक अध्यादेश निघेल: खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर कर आणि त्यातून दवाखाने, घरं, पाण्याची सोय. तुमच्याबरोबर पिंजऱ्यात तीच बाई आहे. तुमच्यासाठी पिंजरा दोन मिनिटांत वर येतो. तिला मात्र 1 फेब्रुवारी 1946 उजाडतो. बंदी परत आली. आता तिच्या डोक्यावर छत नाही, उघडं आभाळ आहे, आणि खाली मिळायची ती मजुरी वरच्या कामाला नाही. टोपली तिनं बरोबर आणलीय. ती खाली ठेवावी की नाही, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.