किल्ल्याचं माहितीपत्रक



माझ्या भाचीच्या वर्गाला यंदा प्रकल्प मिळालाय: आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचं माहितीपत्रक तयार करायचं. एकच कागद, तीन घड्या, परगावच्या पाहुण्याच्या हातात देता येईल असं. चौघी मुली रोज दुपारी आमच्याकडे जमतात. खाकरे संपतात, कागद मात्र संपत नाहीत.

मुखपृष्ठासाठी त्यांनी डोंगरावरच्या तीन मजली इमारतीचा फोटो निवडला होता, खाली नाव 'चांदबिबीचा महाल'. सगळं नगर त्याला महालच म्हणतं. पण ती सलाबतखानाची कबर आहे, निजामशाहीतल्या वजिराची, आणि ती किल्ल्यात नाहीच. चांदबिबीचं खरं स्मारक म्हणजे किल्ल्याचा तट. १५९५-९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तो फोडला, तेव्हा तिने उभं राहून खिंडार बुजवून घेतलं. शेवटी वऱ्हाड देऊन तह केला आणि किल्ला राखला. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले, तेव्हा ती फितूर झाल्याच्या संशयावरून तिच्याच लोकांनी तिला मारलं. मुलींनी फोटो बदलला. शहराचं नाव अहमदनगर लिहायचं की अहिल्यानगर, यावर मात्र अर्धा तास गेला. दोन्ही लिहिली.

आतली घडी १९४२ ची. ९ ऑगस्टला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस पुढाऱ्यांना रेल्वेने इथे आणलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, पंडित पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण. त्यांना कुठे ठेवलंय हे सुरुवातीला लोकांना कळूही दिलं नाही. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, आणि ते या सहबंद्यांनाच अर्पण केलं. एवढं प्रत्येक गाईडबुकात असतं, मुलींनीही तेवढंच लिहिलं होतं.

मी त्यांना आझादांबद्दल सांगितलं. हा माणूस पहाटे तीन-चारला उठायचा, आपली नवकारशी व्हायच्या कितीतरी आधी, आणि स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करायचा. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडला, मग दाणे टाकून त्यांच्याशी मैत्री केली. हे सगळं त्याने एका मित्राला पत्रांतून लिहिलं. ती पत्रं टपालात पडलीच नाहीत. १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' नावाने छापली गेली.

त्यातलं एक पत्र त्यांच्या पत्नीविषयी आहे. झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारला काही सांगायचं असेल तर पोचवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. तेव्हा ते या किल्ल्यातच होते.

एक मुलगी म्हणाली, "मावशी, पण त्या तर इथे कधी आल्याच नाहीत." खरंय. पण नवरा तुरुंगात गेला की घरच्या बाईची शिक्षा कुठल्या दगडावर कोरलेली नसते. बारा जण आत होते म्हणजे बाहेर किती घरं चालत होती, हे पाहुण्याला कळायला नको? मला वाटतं, निजामशाहीच्या वंशावळीपेक्षा ही चार वाक्यं जास्त कामाची. मुलींनी वंशावळ काढली.

तुम्हीही मुलांना घेऊन जाणार असाल तर किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आधी चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. नेत्यांच्या खोल्या बघताना मुलांना फक्त नेहरूंची खोली दाखवून परत आणू नका.

आझाद १९४५ च्या जूनमध्ये सुटले. कलकत्त्याला स्वागताची मोटार हारांनी भरलेली होती. ते आधी कबरस्तानात गेले, त्यातलाच एक हार काढून पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला.