सही तिच्याच हातची

फिलिस व्हीटलीचं एकुलतं एक पुस्तक १७७३ साली लंडनमध्ये छापलं गेलं. ते उघडलं की कवितांच्या आधी साक्षीदार भेटतात. बॉस्टनच्या गुलाम मुलीनं या कविता खरोखरच लिहिल्या, अशी ग्वाही देणारे १८ प्रतिष्ठित पुरुष. गव्हर्नर टॉमस हचिन्सन, जॉन हॅनकॉक अशी मंडळी त्यांत आहेत.

तिच्या अभ्यासाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाला माझं सांगणं आहे, की सुरुवात पुस्तकापासून नको, पत्रांपासून करा. १८ ऑक्टोबर १७७३ रोजी तिनं न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टर यांना लिहिलेलं पत्र आधी हाती घ्या. मालकानं आपल्याला मुक्त केलं, आता मिळकत आपली आपणच करायची, हे ती त्यात सांगते. न्यू हेवनच्या छापखान्यांनी पुस्तक परस्पर छापलं तर माझं नुकसान होईल, असं बजावते. आणि खरी प्रत ओळखायची खूण कोणती? तिच्या स्वतःच्या हातची सही! फिलिस हे तिला आफ्रिकेतून आणणाऱ्या जहाजाचं नाव, व्हीटली हे मालकाचं आडनाव. त्याच दोन नावांची सही आता तिच्या मालकीची खूण झाली होती. मला हे पत्र तिच्या कोणत्याही कवितेइतकंच मोलाचं वाटतं.

न्यूपोर्टच्या ओबोर टॅनर या गुलाम मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचा सूर वेगळा आहे. त्यांत श्रद्धा आहे, आजारपणं आहेत, पुस्तकविक्रीची कामंही आहेत. मालकीण सुझॅना वारली तेव्हाचं दुःख ती लेकीसारखं मांडते. तिथं आपण अडखळतो. ते दुःख लगेच खोटं ठरवू नये, आणि गुलामी सौम्य होती असाही अर्थ काढू नये. ओबोरची उत्तरं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत, म्हणून हा संवाद एकाच बाजूनं ऐकावा लागतो.

पत्रं म्हणजे कवितेची पुरवणी, असं तिनं स्वतः मानलं नव्हतं. १७७९ मध्ये तिनं दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, त्यात ३३ कविता आणि १३ पत्रं होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या दिवसांत पुरेसे वर्गणीदार जमले नाहीत. १७८४ साली ती गेली आणि हस्तलिखित हरवलं. जाहिरातीतली शीर्षकं मात्र उरली. त्यांतली समुद्रावरची कविता १९९८ मध्ये लिलावात पुन्हा उजेडात आली. बाकीच्या अनेक कवितांचा शोध अजून चालूच आहे, आणि काय शोधायचं ते तिनंच लिहून ठेवलं आहे.