तगाई

कासुर्डी हे गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूचे, दौंड तालुक्यातले. जुन्या दप्तरात हा मुलूख भीमथडीचा. इथली तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजली. पण ज्या जमिनीवर ती वाढली ती अवर्षणाची, आणि ती कसणाऱ्याला कोणाच्या तरी दाराशी जाणे कधी चुकले नाही. प्रश्न एवढाच, की दार कोणाचे? सावकाराचे की सरकारचे?

सरकारचे दार पूर्वीही उघडत असे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास धाडलेले पत्र मी मुलांना समजावून सांगतो. गावोगाव हिंडावे, नडलेल्या कुणब्यास बैलांसाठी पैका आणि पोटास धान्य द्यावे, व्याज न घेता नुसते मुद्दल, तेही त्याच्या अंगी त्राण आल्यावर हळूहळू उगवावे, असा त्याचा आशय. 'वाढीदिडी' म्हणजे काय, हे मुलांना सांगावे लागते. त्यांच्या बापांना ते सांगावे लागत नाही!

इंग्रजी अमलात सारा रोखीने आणि मुदतीवर भरावयाचा झाला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. यादवी संपली, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास इंदापूर तालुक्यापासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. सारा वाढला, पीक मात्र होते तेवढेच. अखेर १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारावर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या भर बाजारात लोक दुकानांवर तुटून पडले. सुपे तेव्हा भीमथडीतच होते. लोकांचा मुख्य रोख तिजोरीवर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. हे दंगे मला इतिहासातल्या पुष्कळ लढायांहून मोठे वाटतात.

सरकारने चौकशी-मंडळ नेमले. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. पुढे विहिरी-ताली यांसाठी १८८३ चा आणि बी-बैलांसाठी १८८४ चा, असे तगाईचे दोन कायदे आले. तगाई हा शब्द मूळ अरबी, अर्थ बळ देणे. पण हे बळ जमिनीच्या तारणावर मिळे आणि थकले तर साऱ्याच्या बाकीसारखे वसूल होई. ज्याला तारण नाही तो पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर.

आता काळ पालटला आहे. २०१७ साली राज्याने दीड लाखापर्यंतची, तर २०१९ साली दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, थेट खात्यात येऊ लागले. २०२३ साली राज्याने आपले तेवढेच जोडले. हे पैसे परत मागितले जात नाहीत, ही गोष्ट लहान नव्हे. बी-खताच्या दिवसांत दोन हजारांचे मोल शहरात कळावयाचे नाही.

परंतु हा पैसा जातो तो सात-बाऱ्यावर नाव असलेल्याला. आमच्या बाजूस वाट्याने दुसऱ्याचे रान करणारे पुष्कळ आहेत. पेरणी त्यांची, राखण त्यांची, गारपिटीत नुकसान त्यांचे. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात, मग मालक हडपसरला राहत का असेना. रामाजी अनंताला हुकूम होता तो नडलेला कुणबी शोधण्याचा. आज तलाठ्याच्या दप्तरात त्या वाटेकऱ्याचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही.