रजा, तिकीट आणि मुक्काम



पाडवा होऊन गेला. गुढी उतरवताना पुष्कळांनी यंदाच्या प्रवासाचे बेत मनाशी बांधले असतील. काशीला जाऊ, केरळ पाहू, जमल्यास हिमालयही करू! आणि पुढच्या पाडव्याला हेच बेत तसेच्या तसे पुन्हा बांधले जातात. आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो. असे कोरडे राहिलेले बेत शेकड्यांनी ऐकले. माणसे आळशी असतात म्हणून असे होते, हे आम्हांस पटत नाही. प्रवासाचा बेत तीन पायांवर उभा राहतो: रजा, तिकीट आणि मुक्काम. यांतला एक पाय लंगडा असला की बेत कोसळतो. हे तीन पाय सामान्य माणसास कसे लाभले, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी.

प्रथम मुक्काम घेऊ, कारण त्यात आपला महाराष्ट्र जगाला धडा देईल असा आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एखादा धट्टाकट्टा गडी ते आठ दिवसांत तोडील. परंतु सोहळा त्याला अडीच-तीन आठवडे देतो. का? कारण चालणाऱ्यांत सत्तरीची म्हातारी आहे, डोक्यावर तुळस घेतलेली बाई आहे. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठण्याचा टप्पा फार लांबचा. म्हणून त्याच्या अलीकडे पुण्यात दोन रात्री आणि पलीकडे सासवडातही दोन रात्री मुक्काम. पुढे जेजुरी ते वाल्हे हा टप्पा अगदी बेताचा. सर्वांत कमी चालणाऱ्याच्या पायांकडे पाहून हा हिशेब बसवला आहे. असा हिशेब ज्या बेतात नाही, तो बेत मनातच राहतो.

मोठे ध्येय धरून निघालेल्याचेही एक उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, हा बेत. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. गाठीचे द्रव्य लुटले गेले. परत आले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. कर्जफेडीच्या दृष्टीने पाहिले तर प्रवास फसला. पण त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावाने छापली, आणि मराठीस एक अनमोल पुस्तक मिळाले. प्रवासाचे फळ नेमके ठरवल्याप्रमाणेच मिळते असे नाही, एवढे यावरून ध्यानात ठेवावे.

आता तिकीट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली, हे आपण जाणता. त्याच्या बारा वर्षे आधी, ५ जुलै १८४१ रोजी, इंग्लंडात थॉमस कुक नावाच्या एका सुताराने लेस्टर ते लफबरो अशी खास गाडी ठरवली. कुकचे शिक्षण दहाव्या वर्षीच सुटलेले. दारूबंदीच्या सभेसाठी त्याने सुमारे पाचशे माणसे नेली; माणशी भाडे एक शिलिंग. अंतर जेमतेम अकरा-बारा मैल! जगभर पर्यटनाचा व्यापार करणाऱ्या पेढीचा आरंभ हा असा एका दिवसाच्या सहलीतून झाला. लँकेशायरच्या गिरणी कामगारांनी तर याहून पुढची युक्ती काढली. त्यांच्या गावच्या गिरण्या वर्षातून काही दिवस बंद राहत, आणि त्या दिवसांचा पगार मिळत नसे. म्हणून त्यांनी गल्लोगल्ली भिशीसारखी मंडळे काढली. आठवड्याच्या मजुरीतून काही पेन्स तेथे जमा करायचे आणि सुट्टीच्या तोंडावर ती रक्कम घेऊन सहकुटुंब ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचे. त्यांचे ध्येय एकच होते, पण ते वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पुरे होत असे.

तिसरा पाय रजेचा, आणि तोच मिळवण्यास सर्वांत अधिक झगडावे लागले. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साप्ताहिक सुट्टीसुद्धा ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवारी सिंहगड चढतो किंवा मुलांना राणीच्या बागेत नेतो, त्यामागे ही सभा उभी आहे.

भरपगारी रजेची गोष्ट त्यानंतरची. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन बसून जो संप केला, त्याच्या पाठोपाठ दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. पण नुसती रजा देऊन भागणार नव्हते. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेशी बोलणी करून कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढविले, आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक लोकांनी ते घेतले. कित्येकांनी तेव्हा समुद्र प्रथमच पाहिला. ब्रिटनमध्ये असा कायदा १९३८ साली झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस काम भरलेल्या प्रौढ कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. सरकारी नोकरांस प्रवासभाड्याची सवलत मिळाली ती १९५६ पासून.

हा इतिहास आम्हांस पाठ होता. तरीही आमच्या हातून एक चूक झाली. ती येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एका कारखान्यातील करारात, साठलेली रजा मालकाने रोखीने विकत घ्यावी, असे कलम आम्हीच भांडून घातले. सभासदांनी आम्हांस हार घातले. त्यातच आमचा एक सहकारी होता. आईला रामेश्वर दाखवायचे, असे तो दर पाडव्याला म्हणे आणि दर दिवाळीला रजा विकी. आई गेली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्याने पाणी दिले आणि म्हणाला, "भाऊ, रजेच्या पैशांचा फ्रिज घेतला. पाणी गार मिळतं. पण आईचं राहिलं." त्याने आम्हांस दोष दिला नाही, म्हणूनच तो अधिक लागला. पुढल्या करारात ते कलम आम्ही अर्ध्यावर आणले: निम्मी रजा विकता येईल, निम्मी भोगलीच पाहिजे. त्या वेळी हार कोणी घातले नाहीत!

तेव्हा यंदाचा बेत कसा करावा? इतिहास जे सांगतो ते असे. आधी रजेचा अर्ज, मग जागेचे नाव. वर्षाला एकच लांबचा प्रवास ठरवा, आणि त्याचे पैसे लँकेशायरच्या विणकरांसारखे दर आठवड्याला बाजूला काढा. बाकीचे बेत रविवारात मावतील असे, लेस्टर-लफबरोएवढे असू द्यात. लांब जाणे नसेल तर आपली एस.टी. आहे. १९८८ साली तिने 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढला, तो काही उगाच नव्हे. टप्पे आखताना घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांकडे पाहा. आणि ज्यांना न्यायचे आहे त्यांचे वय विचारात घ्या. मुले थांबतील, म्हातारी माणसे थांबत नाहीत.

रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे आणि विकायचा मालही नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी सभा भरवून ती मिळवली आहे. ती भोगणे हे त्यांचे देणे आहे. उद्या कामावर गेल्यावर प्रथम आपली किती रजा शिल्लक आहे ते विचारा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.