कीचकाचे अनेक चेहरे

कीचकाची गोष्ट तुमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राबत आहेत. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आहे. राणीचा भाऊ कीचक, राज्याचा सेनापती, तिच्यावर डोळा ठेवतो. धर्मराज म्हणतो, दम धरा, मुदत संपू द्या. भीम मात्र रात्री नृत्यशाळेत कीचकाला गाठतो आणि त्याचा चोळामोळा करतो. तुम्ही म्हणाल, ही तर पुराणातली गोष्ट, तिचा इतिहासाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

1907 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच कथेवर ‘कीचकवध’ नाटक लिहिले. खाडिलकर हे लोकमान्यांचे ‘केसरी’तले सहकारी. बंगालच्या फाळणीला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती आणि ती करणारा लॉर्ड कर्झन लोकांच्या मनात ताजा होता. नाटकात कर्झनचे नाव कुठेच नाही. पण मगरूर कीचक बोलू लागला की प्रेक्षकाला कर्झन दिसे, विटंबना सोसणाऱ्या द्रौपदीत हिंदुस्थान दिसे, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल दिसत. सरकारलाही हे कळायला वेळ लागला नाही. 1910 साली नाटकावर बंदी आली.

मधल्या काळात नाशिकात काय घडले होते, हे तुम्हाला माहीत आहेच. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात, नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या रात्रीचे नाटक होते देवलांचे ‘शारदा’, म्हणजे बालाजरठ विवाहाविरुद्धचे सामाजिक नाटक. त्यात बंडाचे अक्षर नव्हते. पण नाटकगृह म्हणजे निव्वळ करमणुकीची जागा, असे मानण्याचे दिवस त्या रात्रीपासून संपले.

आता बोलपटाकडे, नव्हे, आधी मूकपटाकडे वळू. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दाखवला, मग बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि 1917 साली ‘लंकादहन’ पडद्यावर आणले. फाळक्यांनी त्यात मुद्दाम राजकारण घातले, असे म्हणण्याचे कारण नाही. चित्रपटाचा धंदा हाच त्यांना स्वदेशीचा भाग वाटत होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. परक्याने पळवून नेलेली सीता आणि जळणारी लंका ज्या प्रेक्षकाने पाहिली, त्या प्रेक्षकाला ‘कीचकवधा’ने रूपक वाचायला आधीच शिकवले होते. 1918 साली सरकारने चित्रपटांसाठी वेगळा कायदा केला आणि 1920 पासून मुंबईसारख्या शहरांत सेन्सॉर मंडळे बसली.

त्याच 1920 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपला पहिला चित्रपट आणला. कोणता म्हणाल? ‘सैरंध्री’! नाटकावर बंदी आलेला कीचक पडद्यावरून परत आला. भीम त्याला मारतो ते दृश्य इतके हुबेहूब साधले होते की सेन्सॉरने हरकत घेतली. उलट लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. पुढे पेंटरांचे शिष्य व्ही. शांताराम यांनी 1933 साली ‘प्रभात’तर्फे तीच कथा पुन्हा घेतली आणि ती रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पण पंचवीस-सव्वीस वर्षांत तीन वेळा कीचक मारावासा वाटला, यातच त्या काळाचे मन कळते.

यात हुशारी अशी की, कायद्याच्या भाषेत पकडता येईल असे पडद्यावर काहीच नसायचे. कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मध्ये, 1921 साली, विदुराच्या अंगात खादी आणि डोक्यावर गांधी टोपी होती. महाभारतात टोपी कुठून आली, हे कोणी विचारले नाही. मद्रास आणि कराचीच्या अधिकाऱ्यांना मात्र ती टोचली आणि तिथे बंदी आली. ‘प्रभात’ने 1930 साली शिवाजीमहाराजांवर ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तर ‘स्वराज्य’ हा शब्दच सेन्सॉरला सोसवेना. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले. एकनाथांवरच्या चित्रपटाला आधी ‘महात्मा’ नाव होते. महात्मा म्हटले की गांधी आठवणार! म्हणून 1935 साली तो ‘धर्मात्मा’ या नावाने आला.

या चित्रपटांची रीत एकच. सज्जन आणि दुर्जन समोरासमोर, अन्याय डोळ्यांदेखत, भावनेला पूर, आणि शेवटी न्याय. याला मेलोड्रामा म्हणतात आणि पंडित त्याला नाके मुरडतात. पण ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत राजकारण पोहोचवायला दुसरी वाट कोणती होती? अक्षरओळख नसलेला माणूसही कीचक बरोबर ओळखत होता.

तरीही या वाटेला एक खड्डा आहे, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यातच स्पष्ट दिसतो. ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी एकनाथ रंगवले. नाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या पंक्तीला बसतात, सनातनी त्यांचा छळ करतात आणि प्रेक्षक नाथांच्या बाजूने डोळे पुसतो. पण बाहेर काय चालले होते? 2 मार्च 1930 पासून काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला होता. डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या मागे हजारो माणसे उभी राहिली. वर्षे लोटली, दार उघडले नाही. आणि ‘धर्मात्मा’च्याच साली, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पडद्यावरच्या अन्यायाला रडणे सोपे असते. आपल्या आळीतल्या अन्यायाला आपणच जबाबदार असतो, म्हणून तिथे डोळे कोरडे राहतात.

परका राज्यकर्ता होता तोवर कीचक शोधणे अवघड नव्हते. तो गेला आणि प्रश्न बिकट झाला. 1970 नंतरच्या दशकात मराठी चित्रपटाने त्याला हात घातला. तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’त सत्तेवर बसलेला माणूस परका नाही, साखर कारखान्याचा धनी आहे. त्याला जाब विचारतो एक मोडलेला, दारूच्या आहारी गेलेला म्हातारा मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू यांचा तो सामना पाहताना भीमाची गदा कामाची नाही, हे कळते. तिथे फक्त एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो: गावातला नाहीसा झालेला माणूस गेला कुठे?

शिक्षकमंडळींना एवढेच सुचवतो. जुना चित्रपट वर्गात निघाला, तर गोष्ट सांगून थांबू नका. हा कोणत्या साली निघाला, तेव्हा राज्य कोणाचे होते आणि कोणती गोष्ट उघड बोलता येत नव्हती, हे मुलांना विचारा. तिन्हींची उत्तरे आली की पुराणातली कथा इतिहासाचे साधन होते. मग चौथा प्रश्न विचारा: तो पाहून लोक रडले, पण कोणते दार उघडले? त्याचे उत्तर देताना मुले थोडी गप्प होतील. होऊ द्या.