मेडिसेव्ह
सिंगापूरमधील आरोग्यखर्चासाठीची सक्तीची बचत योजना. प्रारंभ एप्रिल १९८४. नोकरदाराच्या पगारातून आणि मालकाच्या वाट्यातून ठरावीक रक्कम दरमहा नोकरदाराच्याच खात्यात जमा होते. इस्पितळाचे बिल त्यातून भागवता येते, स्वतःचे किंवा आई-वडील, जोडीदार, मुलांचे. मृत्यूनंतर शिल्लक वारसांना मिळते.

मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते या योजनेचा दाखला मोठ्या हौसेने देतात. फुकट मिळाले की वापराला धरबंद राहत नाही. खिशाला चाट बसणार असेल तर माणूस आधी दर विचारतो, असा त्यांचा युक्तिवाद. सरकारी रुग्णालयातही वर्ग निवडावा लागतो. ‘ए’ वर्गात वातानुकूलित स्वतंत्र खोली, पण अनुदान शून्य. ‘सी’ वर्गात अनेक खाटांचा सामाईक कक्ष, पंख्याचा वारा आणि भरघोस अनुदान.

दाखला मात्र बहुधा अर्धाच दिला जातो. रुग्णालयांतील बहुतेक खाटा सरकारी मालकीच्या आहेत, आणि बचत ऐच्छिक नाही, कायद्याने लादलेली आहे. शिवाय नुसती बचत पुरली नाही. मोठ्या आजारांसाठी १९९० मध्ये ‘मेडिशील्ड’ विमा आला, तर बिल भरणे अशक्य असलेल्यांसाठी १९९३ मध्ये ‘मेडिफंड’ उभारावा लागला. २०१५ पासून, आधीचा आजार असलेल्यांना सामावून घेत, विमाही सर्व नागरिकांना सक्तीचा झाला.