चंद्राच्या पाठीवरील नावे

इतिहासाचे साधन म्हणजे केवळ कागदपत्रे नव्हेत. पाषाणावर उमटलेला आघात हेही साधनच होय. मात्र साधन असणे आणि ते वाचता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या विवरांचा इतिहास हेच सांगतो.

चंद्राची एकच बाजू आपणांस दिसते. तिच्यावरील विवरांना रिच्चोली या जेझुइट पंडिताने १६५१ मध्ये दिलेली कित्येक नावे आजही रूढ आहेत. पलीकडील बाजूवरही सूर्यप्रकाश तितकाच पडतो. मानवी दृष्टी मात्र तेथवर पोहोचत नव्हती.

ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लुना-३ या यानाने त्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली. फिल्म यानातच धुऊन ती चित्रे रेडिओलहरींद्वारे पृथ्वीवर पाठविण्यात आली. चित्रे अस्पष्ट होती. तरीही नामकरण तातडीने झाले. त्सिओलकोव्हस्की, लोमोनोसोव्ह ही विवरांची नावे टिकली. पण एका उजळ पट्ट्यास डोंगररांग समजून ‘सोव्हिएत पर्वत’ असे नाव देण्यात आले होते. पुढे अधिक स्पष्ट छायाचित्रे हाती आली, तेव्हा तेथे पर्वत नसून आघाताच्या वेळी विवरांतून उधळलेल्या द्रव्याचे ते पट्टे आहेत, असे आढळले. नकाशावरून ते नाव गेले. एका महासत्तेचा अभिमानही पुराव्यापुढे टिकला नाही.

१९७० साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या बाजूवरील शेकडो विवरांना नावे दिली. त्यांत जगदीशचंद्र बोस व होमी भाभा यांची नावे शेजारी-शेजारी आहेत. ही दोन्ही विवरे दक्षिण ध्रुव-एटकेन नामक सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीच्या प्रचंड आघातखोऱ्यात आहेत. २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ-६ यानाने याच खोऱ्यातून सुमारे दोन किलो माती व खडे आणले. त्यांच्या परीक्षणावरून खोऱ्याचे वय सुमारे ४२५ कोटी वर्षे ठरविण्यात आले आहे. वारा व पाणी नसल्याने एवढ्या प्राचीन आघाताची खूणही तेथे शिल्लक राहिली.

आपल्या गावाचा, आपल्या शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: नाव आधी ठरवून मग पुरावा शोधू नये. अंधुक चित्रावरून लिहावे लागले, तर ते चित्र अंधुक आहे, हेही तेथेच नोंदवून ठेवावे.